दोघांचा प्रवास आणि घरी राहिलेले मूल

नवराबायकोने लहान मूल घरी ठेवून दोन दिवस शहरात जाऊन यावे, एखादे नाटक किंवा चित्रपट पाहावा, चार वस्तू खरेदी कराव्यात आणि सोमवारी पुन्हा आपापल्या उद्योगास लागावे, ही गोष्ट आज विट्यासारख्या तालुक्याच्या गावीही कोणास नवलाची वाटत नाही. परंतु त्याच घरातील पणजीच्या कानी ही गोष्ट गेली असती, तर तिने प्रथम विचारले असते, 'कोण आजारी आहे?' आजारपण नाही, लग्नकार्य नाही, देवदर्शनाचा नवस नाही, आणि तरीही दोघेच जण पोर मागे ठेवून निघाले आहेत, याचा अर्थ तिला लागला नसता. पणजीच्या त्या प्रश्नापासून आजच्या निश्चिंत शनिवार-रविवारपर्यंत समाजाला सुमारे दीडशे वर्षांची वाट चालावी लागली. ही वाट कशी चालली गेली, हे पाहणे मनोरंजक तर आहेच. परंतु त्यात एका व्यक्तीचे जे ऋण राहून गेले आहे, त्याचा हिशेब करणेही अगत्याचे आहे.

अशा प्रवासाला चार गोष्टींची जुळणी लागते. पहिली वाट, दुसरी रजा, तिसरी गाठीला चार पैसे आणि चौथी म्हणजे मुलाला सांभाळणारे विश्वासाचे माणूस. इतिहासकारांनी पहिल्या तिहींची नोंद बारकाईने ठेवली आहे. रेल्वे केव्हा सुरू झाली, साप्ताहिक सुट्टी कोणी मिळवली, मजुरीचे दर काय होते, हे सर्व ग्रंथांत सापडते. चौथ्या गोष्टीची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही, कारण ते काम घरातील म्हातारी करीत असे आणि तिच्या कामाचा हजेरीपट कोणी ठेवला नाही.

प्रथम विट्याची भूमी पाहू. विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठाणे. हा तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली त्या जिल्ह्याचे दोन भाग होऊन तो दक्षिण साताऱ्यात आला, आणि १९६० साली त्याच जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस इथपर्यंत येता येता थकतो. कृष्णाकाठची हिरवीगार शिवारे आणि विट्याच्या पूर्वेकडील माळराने यांच्यात अंतर थोडे, पण सुबत्तेत फरक मोठा. येरळेचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे. अशा मुलुखात बाहेर जाणे ही चैन नसून पोटासाठी करावी लागणारी गोष्ट होती, आणि पुढील सर्व इतिहास समजण्यासाठी ही बाब ध्यानात ठेवली पाहिजे.

आगगाडी येण्यापूर्वी या भागातील नवराबायको एकत्र प्रवास करीत ते बहुधा देवासाठी. लग्न झाल्यावर जोडीने कुलदैवताच्या पायांवर जाणे हा कुळाचार होता. जवळ जायचे तर रेणावीचा रेवणसिद्ध, दूर जायचे तर जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी किंवा पंढरपूर. हा प्रवासदेखील दोघांचा म्हणण्यापुरताच असे. बैलगाडीत सासू, चुलत सासू, आत्या, दीर आणि शेजारची दोन माणसे असत. नवरा गाडीपुढे चालत असे आणि बायको डोक्यावरचा पदर सावरीत गाडीच्या मागच्या भागात बसत असे. पंढरपूर म्हणजे वाटेत तीन-चार मुक्काम. त्या सर्व वाटेत परस्परांशी पाच वाक्ये मोकळेपणाने बोलण्याची संधी त्यांना मिळे की नाही, याची शंकाच आहे.

याचे कारण एकत्र कुटुंबाच्या रीतीत होते. वडीलधाऱ्यांसमक्ष नवऱ्याशी बोलणे हा सुनेचा अविनय समजला जाई. आपल्याच मुलाला आईवडिलांदेखत उचलून घेऊन त्याचे कौतुक करणे हेही बापाला संकोचाचे वाटे. मूल जन्मास घालणारे दोघे, पण ते वाढे घराच्या मांडीवर. त्याची मालीश, बाळघुटी, दृष्ट काढणे, रात्री उठून थोपटणे यांत आजीचाच हात अधिक असे. आई ही पुष्कळ वेळा चूल, जाते आणि शेत यांच्यामध्ये गुंतलेली असे. ही रीत आजच्या दृष्टीस जाचक वाटते, आणि सुनांना ती जाचकच होती. तथापि तिच्यातून एक गोष्ट सहज घडत गेली. मुलाला आईवाचून दोन दिवस काढण्याची सवय घरातच लागत असे. पुढे जेव्हा जोडप्याच्या मनात एकट्याने बाहेर पडण्याची इच्छा उत्पन्न झाली, तेव्हा या जुन्या सवयीनेच तिला आधार दिला.

त्या काळातही मूल मागे ठेवले जाई, परंतु त्याचे कारण भय हे होते. यात्रेच्या ठिकाणी पटकीची साथ नेमाने उद्भवे, आणि पटकीने लहान मूल एका दिवसात हातचे जाई. अंगावर पिणारे मूल आईबरोबर न्यावेच लागे. दूध तुटलेले मूल मात्र शहाणी माणसे घरीच ठेवीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढील काही वर्षांत तो सातारा जिल्ह्यातही पसरला. स्टेशनांवर उतारूंची तपासणी होऊ लागली. त्या दिवसांत शहरास जाणे म्हणजे संकटास आमंत्रण, अशीच समजूत खेड्यापाड्यांतून रूढ झाली आणि ती पुढे बराच काळ टिकून राहिली.

आता वाटेचा विचार करू. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला आणि मुंबई व पुणे ही शहरे रेल्वेने अखंड जोडली गेली. पुण्याहून दक्षिणेस कराड, मिरज, बेळगाव या बाजूने जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा मीटर गेज मार्ग १८९० च्या सुमारास सुरू झाला. विट्याच्या नशिबी रेल्वे आली नाही. गाडी पकडण्यासाठी पश्चिमेस कृष्णाखोऱ्यात उतरावे लागे. कराड सुमारे ४० किलोमीटर दूर. बैलगाडी रात्री जुंपली तर सकाळी स्टेशन दिसे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर आपला कारखाना उभारला आणि तेथील स्टेशन पुढे किर्लोस्करवाडी या नावाने प्रसिद्ध झाले. ते विट्यास त्याहून जवळ होते. लहान रुळांच्या गाडीतून पुण्यास पोहोचल्यावर मुंबईच्या उतारूस पुन्हा मोठ्या रुळांची गाडी धरावी लागे. हे गाडी बदलणे १९७० च्या सुमारास मार्ग रुंद झाल्यावर थांबले.

या वाटेने प्रथम गेला तो एकटा पुरुष. मुंबईच्या गिरण्यांत कोकणी माणसाच्या बरोबरीने साताऱ्याकडील घाटावरचा माणूस राबत असे. दहा-बारा जण एका खोलीत राहावयाचे, खानावळीत जेवावयाचे आणि दर महिन्यास मनिऑर्डर करावयाची. बायको व मुले गावी. तिने मुंबई पाहिली नव्हती आणि पाहण्याचा हट्टही धरला नव्हता. कारण तिने तेथे जावे तर म्हातारी माणसे, शेत आणि गुरे कोणी पाहावीत? या काळात कुटुंबाची ताटातूट झाली खरी, पण ती नवरा एका बाजूस आणि उरलेले सर्व घर दुसऱ्या बाजूस अशी झाली. नवराबायको एका बाजूस व मूल दुसऱ्या बाजूस, ही कल्पना अजून दूर होती.

शिकलेल्या वर्गात मात्र निराळे वारे वाहू लागले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई यांचे उदाहरण येथे आठवते. १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याच्या कामानिमित्त रानड्यांना पुणे, नगर, सोलापूर व सातारा या जिल्ह्यांतून फिरावे लागे, आणि रमाबाई त्या फिरतीवर त्यांच्याबरोबर असत. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी हे सहजीवन मोकळेपणाने लिहिले. बायकोने नवऱ्यापाशी बसून वाचावे, शिकावे, त्याच्याबरोबर गावोगाव हिंडावे, हे त्यांच्या घरातील वडील बायकांनाही सहन होत नव्हते. मग इतरांची कथा काय? रानडे दांपत्यास अपत्य नव्हते, म्हणून मुलाला कोणापाशी ठेवावे हा प्रश्न त्यांच्यापुढे आला नाही. परंतु पतिपत्नींनी बरोबर प्रवास करावा यात गैर काही नाही, ही गोष्ट त्यांच्या उदाहरणाने मराठी वाचकांच्या मनात प्रथम रुजली, आणि तिचे बीज हळूहळू तालुक्याच्या गावांतील मास्तर, कारकून व वकील यांच्या घरी पोहोचले.

वाट आली, इच्छाही आली, पण रजा कोठे होती? शेतकऱ्याला अमावास्येला नांगर सोडण्याची प्रथा ठाऊक होती. आठवड्याची सुट्टी ठाऊक नव्हती. गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी दीर्घकाळ खटपट केली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मान्य करवून घेतली. आपण ज्याला सहज 'रविवार' म्हणतो, तो या गृहस्थाच्या चळवळीचा प्रसाद आहे. पगारी रजेला आणखी अर्धशतक लागले. कारखान्यांतील कामगारांना ती १९४५ च्या दुरुस्तीने आणि पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने मिळाली. शाळा, कचेऱ्या व बँका यांतील नोकरवर्गास सुट्ट्यांचे वेळापत्रक आधीपासून होते. त्यामुळे तालुक्याच्या गावी दोघांच्या प्रवासाचा आरंभ बहुधा याच वर्गाने केला, आणि तोही दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत.

शहरात जाऊन पाहावयाचे तरी काय? या बाबतीत दक्षिण महाराष्ट्र भाग्यवान ठरला. सांगलीस विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' करून मराठी नाटकाचा पाया घातला. कोल्हापुरास राजाश्रयाने नाटक, संगीत व कुस्ती यांची भरभराट झाली. तेथेच १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२९ साली प्रभात कंपनी स्थापन झाली. प्रभात १९३३ मध्ये पुण्यास गेली. १९३० च्या जून महिन्यात मुंबई-पुण्यामध्ये दख्खनची राणी धावू लागली आणि शनिवारी निघून सोमवारी परतण्याची पद्धत शहरी वर्गात रूढ होण्यास हातभार लागला. पूर्वी नाट्यगृहात स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी असे. जोडपे एकत्र येई, तिकिटे काढी आणि दाराशी वेगळे होऊन खेळ संपल्यावर पुन्हा भेटे. सिनेमाने हळूहळू ही भिंत पाडली.

तरीसुद्धा निव्वळ करमणुकीसाठी निघतो असे वडिलांपुढे म्हणण्याचे धैर्य थोड्यांनाच होते. सबब लागे. कोल्हापुरास अंबाबाईचे दर्शन ही सर्वांत सोयीची सबब. देवीच्या दर्शनास कोण नाही म्हणणार? मिरजेस डॉक्टर वानलेस यांनी १८९० च्या दशकात मिशनचे इस्पितळ काढले होते आणि त्याची कीर्ती दूरवर पसरली होती. म्हणून प्रकृती दाखवून येतो, ही दुसरी सबब. १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला आणि या सबबींत मोठी भर पडली. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. तुकोबांचे दर्शन घेण्यास जातो म्हटल्यावर सासूबाईंचा विरोध अर्धा मावळे. मात्र एखादी चतुर सासू मग स्वतःही लुगड्याचा ओचा सारखा करून गाडीत बसे, आणि दोघांचा प्रवास पुन्हा साऱ्या घराचा होई!

१९४८ च्या १ जून रोजी पुणे-नगर या मार्गावर सरकारी एस्. टी.ची पहिली गाडी सुटली. पुढील काळात तालुक्याच्या गावांना या गाड्यांनी जे दिले, ते रेल्वेने शहरांना दिलेल्या देणगीहून कमी नव्हते. बैलगाडीची रात्र वाचली. सकाळी निघून दुपारपूर्वी सांगली-कोल्हापूर गाठता येऊ लागले. येथे एक लहानसा मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. एस्. टी.त पाच वर्षांच्या आतील मुलास भाडे पडत नाही. म्हणजे मूल घरी ठेवण्यात पैशाची बचत काहीच नव्हती; बरोबर नेले असते तरी तिकिटे दोनच लागली असती. तरीही मूल घरी राहू लागले, याचे कारण मनात शोधावे लागते. नवराबायकोंना परस्परांच्या सहवासाची म्हणून काही घटका हव्यात आणि त्या मागण्यात लाज वाटण्याचे कारण नाही, हा विचार आता घरात शिरला होता. एका पिढीपूर्वी तो उच्चारणेही अशक्य होते.

येथे चौथी गोष्ट पुढे येते. ती दोघे निघाली की घरातील म्हातारीचा दिवस बदलत असे. मुलाला फसवून मागील दारी न्यायचे, चिऊकाऊच्या गोष्टी सांगत मऊ भात भरवायचा, संध्याकाळी 'आई कोठे?' हा प्रश्न सुरू झाला की गोठ्यातील वासरू दाखवायचे, आणि रात्री ते हुंदके देत झोपले की उरलेली रात्र आपण जागून काढायची. गुडघे दुखत असोत, डोळ्यांना कमी दिसत असो, दोन दिवसांची ही नोकरी तिने करावीच, असे घराने गृहीत धरलेले असे. या आजीने आपल्या तरुणपणी नवऱ्याबरोबर एक दिवसही अशा रीतीने घालवलेला नव्हता. जे तिला कधी मिळाले नाही, ते सुनेला मिळावे यासाठी तिने मूल कडेवर घेतले. कित्येक सासवांनी हे कुरकुरत केले, कित्येकींनी समजून-उमजून केले. परंतु त्यांनी ते केले नसते, तर वाट, रजा आणि पैसा ही तिन्ही जुळूनही प्रवास झाला नसता. परत येताना मुलाला खाऊ आणि खेळणे येई. आजीसाठी कधी एखादे लुगडे येई, कधी देवीचा प्रसाद येई, आणि पुष्कळदा काहीच येत नसे.

विट्याच्या इतिहासात या विषयाचे एक निराळेच रूप आढळते, आणि ते भारतभर पसरलेले आहे. ते म्हणजे गलाईचा व्यवसाय. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या कोरडवाहू भागातील माणसे विसाव्या शतकात सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यात शिरली आणि देशातील लहानमोठ्या शहरांच्या सराफकट्ट्यांपाशी त्यांनी आपल्या भट्ट्या मांडल्या. उत्तरेस दिल्लीपासून दक्षिणेस केरळपर्यंत सराफी पेठेच्या गल्लीत चौकशी केली, तर विट्याकडील मराठी बोलणारा माणूस बहुधा भेटतो. काम असे असते: जुने दागिने मुशीत घालून टाकणखाराबरोबर वितळवायचे, त्यात सोन्याच्या सुमारे तिप्पट चांदी मिसळायची, मग तो रस तेजाबात उकळायचा, म्हणजे चांदी आणि इतर हलके धातू विरघळतात व सोने तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी राहते. ती भुकटी धुऊन पुन्हा आटवली की शुद्ध सोन्याची लगड तयार होते. विरघळलेली चांदीही तांब्याच्या पत्र्याने परत काढून घेतात. सराफाच्या दुकानातील केराची धूळसुद्धा हे लोक वाया जाऊ देत नाहीत.

या धंद्यात प्रथम पुरुष एकटा गेला, मुंबईच्या गिरणीत गेला तसाच. धंदा बसल्यावर त्याने बायकोला नेले. परंतु जागा म्हणजे पुष्कळदा भट्टीच्या मागची किंवा वरच्या माळ्याची एक खोली. तेजाबाचा पिवळट-तांबडा धूर छातीस अपायकारक. मुलाला शाळेत घालावे तर परक्या मुलुखाची परकी भाषा. म्हणून कित्येक घरांनी मूल गावी आजीआजोबांपाशी ठेवले. ज्या व्यवस्थेने दोन दिवसांच्या सहलीची सोय केली होती, तीच व्यवस्था येथे वर्षानुवर्षांची झाली. नवराबायको शहरात, मूल विट्यात. आणि प्रवास करावयाचा तो मुलाला भेटण्यासाठी, दिवाळीला, गावच्या यात्रेला किंवा दसऱ्याच्या रेवणसिद्धाच्या पालखी शर्यतीला. पुण्याच्या सहलीहून परतलेल्या आईकडे मूल धावत जाते. वर्षाने आलेल्या आईकडे मात्र ते प्रथम आजीच्या पदराआडून पाहते, आणि तिच्यापाशी यावयास त्याला दोन दिवस लागतात. तोवर तिच्या परतीचे तिकीट जवळ आलेले असते. सोने गाळणाऱ्या या कुटुंबांनी गावाकडे माड्या चढवल्या आणि मुलांना मोठे शिक्षण दिले. त्यांच्या कष्टास कोणीही नमस्कारच करील. पण या संपत्तीची एक किंमत दर वर्षी त्या दोन दिवसांत मोजली गेली, हेही इतिहासाने लिहून ठेवले पाहिजे.

धंद्यावर आलेल्या संकटांचाही या घरांवर परिणाम झाला. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू झाले, चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी आली आणि देशभर सुवर्णकारांची चूल थंडावली. गलाईवाल्यांचा भाता सराफाच्या भट्टीशी बांधलेला असल्याने त्यांनाही ती झळ पोहोचली. पुढे १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा झाला व तो १९९० साली रद्द झाला. अशा मंदीच्या दिवसांत माणसे गावी परतत आणि घर पुन्हा एक होई; तेजी आली की पुन्हा दोन होई. अलीकडे टेंभू उपसा योजनेचे कृष्णेचे पाणी या कोरड्या शिवारांपर्यंत पोहोचले आहे. विट्यात यंत्रमाग आहेत, कुक्कुटपालन आहे. स्वच्छतेच्या २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत विटा पहिले आले. गाव सोडण्याची सक्ती पूर्वीइतकी कडक राहिलेली नाही.

ज्यांनी मूल आपल्याबरोबर शहरात नेले, त्यांची अडचण अगदी उलट झाली. पुणे, मुंबई किंवा त्याहून दूरच्या शहरी बिऱ्हाडात नवरा, बायको आणि मूल, एवढीच तीन माणसे. तेथे नाट्यगृह दहा मिनिटांवर, रजा हाताशी, खिशात पैसे; आणि तरीही तीन तासांच्या नाटकास दोघांनी मिळून जाणे दुर्घट, कारण मुलाला ठेवावयाचे कोणापाशी? शहराने तीन गोष्टी भरभरून दिल्या आणि चौथी काढून घेतली. सरकारने व समाजाने या उणिवेवर इलाज शोधले नाहीत असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने जेथे स्त्री-कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेहून अधिक आहे, तेथे पाळणाघर ठेवणे मालकावर बंधनकारक केले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभले व त्यातून गरिबांच्या मुलांसाठी अंगणवाडीची कल्पना वाढीस लागली. १९७५ पासून सरकारी अंगणवाड्यांचे जाळे देशभर पसरू लागले. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या संस्थांवरही पाळणाघराचे बंधन आले. हे सर्व स्तुत्य आहे. तथापि या संस्था कामाच्या वेळेपुरत्या असतात. रात्री दोन वाजता दचकून उठलेल्या मुलाला छातीशी धरणारे माणूस त्यांच्या नियमावलीत बसत नाही.

म्हणून आजही शहरातील पुष्कळ जोडपी प्रथम मुलाला घेऊन विट्यास येतात, त्याला आजीपाशी रुळवतात, आणि मग दोघेच दोन दिवस कोठे तरी जाऊन येतात. आता खिशातील यंत्रावर मुलाचे तोंड दिसते, बोलणेही ऐकू येते. पण ज्या घरांत हा अनुभव आहे त्यांना ठाऊक आहे, की आईचा चेहरा त्या काचेवर दिसताच शांत खेळणारे मूल रडू लागते, आणि यंत्र बंद झाल्यावर त्याला शांत करण्याचे काम पुन्हा आजीकडेच येते.

या सर्व हकिगतीवरून तरुण दांपत्यांनी घराबाहेर पडू नये असा निष्कर्ष कोणी काढू नये. नवराबायकोंचा परस्परांशी स्नेह असणे हे मुलाच्याही हिताचे आहे, आणि दोन दिवस आईवडिलांवाचून राहिलेले मूल आजीच्या अधिक जवळ येते, हाही लाभच. रमाबाईंच्या काळात जे निंदेस पात्र होते ते आज साध्या रीतीचे झाले, ही समाजाची प्रगती होय. प्रश्न आहे तो हिशेबाचा. गाडीभाडे, उपाहारगृह आणि नाटकाची तिकिटे यांचा खर्च प्रत्येक जोडपे मांडते. घरी जागलेल्या दोन रात्री त्या खर्चात कोणी धरत नाही.

हा हिशेब चुकता करण्याची सोयही आता झाली आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी उलटलेल्या नागरिकांना एस्. टी.चा प्रवास विनामूल्य आहे, आणि २०२३ च्या मार्चपासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे आजीला वाट आहे आणि पैशाचाही फारसा प्रश्न नाही. तिच्याजवळ नाही ती रजा. आणि ती देणे कोणत्याही सरकारच्या हाती नाही, ते घरातील माणसांच्या हाती आहे. सहलीहून परतलेल्या जोडप्याने पुढील महिन्यातील दोन दिवस घर, चूल आणि मूल स्वतः सांभाळावे आणि आजीआजोबांना पंढरपूरच्या, नाही तर कोल्हापूरच्या गाडीत बसवून द्यावे. त्या वृद्ध जोडप्याचा, दोघांनीच केलेला, तो बहुधा पहिला प्रवास असेल.